शर्यतीचे ओझे कोणाच्या पाठीवर?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सचा प्रश्न २०२४ साली एकदाचा सुटला असे सांगण्यात येते. १९१४ साली दिलेला नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा २०१३ साली संपला होता. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ राज्य सरकार, महानगरपालिका आणि रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब यांच्यात रस्सीखेच चालली. अखेर २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी आणि उरलेली ९१ एकर तीस वर्षांच्या नव्या पट्ट्याने क्लबकडे, अशी वाटणी ठरली. ही वाटणी पत्करावी की नाही यावर क्लबच्या सभासदांनी जानेवारी २०२४ मध्ये मतदान केले. मतदान करणारे सुमारे सातशे होते.

सार्वजनिक मालकीच्या जमिनीबद्दल सातशे सभासदांचे मत घेतले जाते आणि मुंबईच्या नागरिकांना मात्र कोणी विचारीत नाही, हा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. तो रास्तच होता. परंतु या सगळ्या वादात आणखी एका माणसाला कोणीही विचारले नाही, आणि त्याला विचारले नाही याचा आक्षेपसुद्धा कोणी घेतला नाही. आमच्या पक्षानेही नाही. तो माणूस म्हणजे रेसचा शौकीन. हातात रेसबुक आणि कानावर पेन्सिल घेऊन लोकलने महालक्ष्मीला उतरणारा, सर्वसामान्यांच्या आवारात उन्हात उभा राहणारा, ज्याच्या खिशातल्या पैशांवर ही संस्था आजवर चालत आली तो माणूस. क्लबच्या लेखी तो गिऱ्हाईक, पोलिसांच्या लेखी संशयित, सरकारच्या लेखी कराचे साधन. आणि आपल्या कार्यकर्त्यांच्या लेखी तो वाया गेलेला मनुष्य.

हा चौथा दृष्टिकोन चुकीचा आहे, आणि त्याचा फायदा पहिल्या तिघांना होतो, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. रेसचा शौक हा काही समाजवादाचा कार्यक्रम नव्हे. पण शौकिनाला तुच्छ लेखून आपण त्याला क्लबच्या, बुकीच्या आणि करवसुलीच्या स्वाधीन करून मोकळे होतो, याचा विचार व्हायला हवा.

प्रथम हा शौक आहे तरी काय ते समजून घेऊ. रेसला जाणारा प्रत्येक जण जुगारी, आणि प्रत्येक जुगारी मूर्ख, असा एक सोयीचा समज आपल्यात रूढ आहे. प्रत्यक्षात या माणसाकडे केवढे ज्ञान असते! घोड्याचा बाप कोण, आई कोण, त्या रक्ताची घोडी लांब पल्ल्याला टिकतात की सोळाशे मीटरलाच दमतात. मागच्या खेपेस तो हरला तो दमला म्हणून की वाट अडली म्हणून. पावसाने मऊ झालेल्या पुण्याच्या मैदानावर धावलेला घोडा हिवाळ्यात मुंबईच्या कोरड्या मैदानावर कसा धावेल. कोणता जॉकी घोड्याला शेवटच्या वळणापर्यंत दाबून ठेवतो. या सगळ्याचा हिशेब तो मनात ठेवतो. शर्यतीपूर्वी पॅडॉकमध्ये घोडे फिरवतात, तेव्हा कठड्याला टेकून तो घोड्याची कातडी, चाल, कान न्याहाळीत असतो. ज्याला चौथीनंतर शाळा सुटली असा माणूस चार पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ म्हणतो आणि पन्नास-पंचावन्न किलोंच्या वजनातला एका किलोचा फरक अंतराच्या भाषेत सांगतो. क्रिकेटच्या आकड्यांचे असे पाठांतर करणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो. रेसच्या शौकिनाला मात्र उपदेश करतो.

दुसरा समज असा की घोड्यांची शर्यत ही मुळातच सरंजामी वस्तू आहे. राजेरजवाड्यांची करमणूक, तिच्यात लोकांचे काही नाही. या समजाला आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. आपण ज्यांना रेसचे घोडे म्हणतो ते थरोब्रेड. या जातीचे सगळे नर-वंश इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकात आणलेल्या तीन पौर्वात्य घोड्यांपर्यंत जातात: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. इंग्लंडातील जॉकी क्लब १७५० च्या सुमारास निघाला तो उमरावांचा. घोड्यांची वंशावळ नोंदवणारे जनरल स्टड बुक १७९१ साली छापले गेले. माणसांच्या खानदानाचे वेड घोड्यांपर्यंत पोचले ते असे. हा खेळ हिंदुस्थानात आणला तो गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी. महालक्ष्मीचे मैदान १८८३ चे. पहिली इंडियन डर्बी झाली १९४३ साली. 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ही बडोद्याच्या महाराजांची घोडी ती जिंकली. त्याच वर्षी बंगालात माणसे अन्नाविना रस्त्यावर मरत होती. एवढी एक गोष्ट कोणाही समाजवाद्याचे मन या खेळापासून उडवायला पुरेशी आहे.

परंतु ही एकाच प्रकारच्या शर्यतीची हकीकत झाली. दुसरीही एक परंपरा आहे आणि ती आपल्याकडे जवळपास कोणाला ठाऊक नाही. ती म्हणजे गाडीला जुंपलेल्या घोड्यांची शर्यत. तिच्यात पाठीवर स्वार नसतो. मागे सल्की नावाची दोन चाकांची हलकी गाडी असते आणि तिच्यात हाकणारा बसतो. घोड्याने भरधाव सुटायचे नाही, हा तिचा नियम. एक तर त्याने दुडकी चाल धरायची, म्हणजे कर्णरेषेतले दोन पाय एकदम टाकायचे. नाही तर रवाल चाल, म्हणजे एका अंगाचे पुढचा-मागचा असे दोन्ही पाय एकदम उचलायचे. चाल मोडून घोडा उधळला तर त्याला आवरून पुन्हा चालीवर आणावे लागते, आणि तोवर बाकीचे पुढे निघून जातात. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, स्वीडन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत ही शर्यत रुजली. अमेरिकेत ती वाढली खेड्यांच्या जत्रांतून. आठवडाभर गाडीला जुंपलेला घोडा जत्रेच्या दिवशी शेजाऱ्याच्या घोड्याशी भिडवायचा, असे तिचे मूळ रूप होते.

या घोड्यांच्या जातीचे नावच पाहा: स्टँडर्डब्रेड. १८७९ साली नोंदवहीची कसोटी ठरली ती अशी की दुडक्या चालीने एक मैल अडीच मिनिटांच्या आत काटणारा घोडा त्या मापाचा समजावा. थरोब्रेडच्या वहीत जन्माने प्रवेश मिळतो. येथे आरंभी कर्तृत्वानेही मिळत होता. आणि या जातीचा मूळपुरुष कोण? 'हॅम्बलटोनियन'. तो १८४९ साली न्यूयॉर्क राज्यातील चेस्टर गावी जन्मला. विल्यम रायस्डिक नावाच्या शेतावरच्या गड्याने आपल्या मालकाकडून एक अधू घोडी आणि तिचे हे शिंगरू मिळून १२५ डॉलरना विकत घेतले. आज अमेरिकेत गाडीच्या शर्यतीत धावणारा जवळजवळ प्रत्येक घोडा त्या शिंगराच्या वंशातला आहे. १९२६ पासून होणारी या प्रकारातली सर्वांत मोठी शर्यत त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि १९५७ पासून १९८० पर्यंत ती इलिनॉय राज्यातल्या ड्यू क्वॉइन या लहानशा गावाच्या जत्रेत भरत होती. राजाचा तबेला आणि गड्याचे शिंगरू, अशी या शौकाची दोन घराणी आहेत. शर्यत मुळातच सरंजामी असते, असे यापुढे कोणी म्हणू नये. तिच्यावर कोणाची मालकी बसते, त्यावर ते ठरते.

आपल्याकडे मालकी कशी बसली आहे ते पाहू. रेसच्या मैदानावर वर्ग शोधायला फार लांब जावे लागत नाही; ते कुंपणांनी आखून दिलेले असतात. सभासदांचे आवार वेगळे, घोडेमालकांची जागा वेगळी, चढ्या तिकिटाचा वर्ग वेगळा आणि सर्वसामान्यांचे आवार वेगळे. कुंपणे दिसतात तरी. हिशेब दिसत नाही. पॅरिसच्या जोसेफ ओलेरने १८६० च्या दशकात सुरू केलेल्या पद्धतीवर आजचा टोट चालतो. सर्वांच्या पैजांचा पैसा एका जागी गोळा करायचा, त्यातून क्लबची वर्तणूक आणि सरकारचा कर कापायचा, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. शौकीन क्लबविरुद्ध खेळत नाहीत, एकमेकांविरुद्ध खेळतात. उदाहरणादाखल, कपात शेकडा वीस धरली आणि जमलेली माणसे मिळालेला पैसा पुढच्या शर्यतीत पुन्हा लावीत गेली, तर पहिल्या शर्यतीच्या शंभर रुपयांचे तिसऱ्या शर्यतीनंतर एक्कावन्न आणि सातव्या शर्यतीनंतर एकवीस उरतात. एखादा शहाणा जिंकून जातो हे खरे. जमाव म्हणून ते जिंकणे शक्यच नाही. त्यांच्या हरण्यातून बक्षिसांचा मोठा भाग उभा राहतो, हिरवळीला पाणी मिळते, कचेऱ्या चालतात. बक्षीस मात्र घोडेमालकाला, आणि निर्णय क्लबच्या समितीचा. ज्याच्या पैशाने खेळ चालतो त्याला एकही मत नाही. भागधारकाला मत असते, सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला निदान कागदावर तरी असते. रेसच्या शौकिनाला कागदावरसुद्धा नाही.

आता कायद्याकडे वळू, आणि इथेच घोडे पेंड खाते. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्यात घोड्यांच्या शर्यतीवरील पैज हा जुगार धरला आहे. मात्र ती शर्यतीच्याच दिवशी, परवानाधारकाने नेमून दिलेल्या आवारात लावली तर ती जुगार नव्हे. म्हणजे तोच घोडा, तीच शर्यत, तोच रुपया. कुंपणाच्या आत लावला तर शौक आणि लालबागच्या गल्लीत लावला तर गुन्हा! ही कल्पना साहेबाच्या घरचीच. ब्रिटनने १९०६ साली रस्त्यावर पैज लावण्याविरुद्ध कायदा केला. श्रीमंतांना उधारीवर, तारेने किंवा टेलिफोनने पैज लावायला मोकळीक होती. रोख पैसे देऊन कोपऱ्यावर पैज लावणारा कामगार तेवढा पकडला जाई. चोपन्न वर्षे हा कायदा होता आणि चोपन्न वर्षे तो मोडला गेला. १९६० साली नवा कायदा झाला आणि १९६१ मध्ये पैजेची दुकाने उघडली, तेव्हा कोठे कामगाराची पैज धनिकाच्या पैजेच्या पंक्तीला बसली.

आपल्या न्यायालयांसमोर हा प्रश्न आला तो तमिळनाडूतून. तेथील सरकारने १९७४ साली रेस बंद करण्याचा कायदा केला आणि १९८६ साली मद्रास रेस क्लबच ताब्यात घेण्याचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये १९८६ चा कायदा घटनाबाह्य ठरवला आणि सांगितले की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे. या निकालाचा आनंद क्लबांना झाला. पण यातले कौशल्य कोणाचे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. पैज लावणे हे कौशल्य असेल तर ते कठड्याला टेकून घोडा पारखणाऱ्या शौकिनाचेही आहे. त्या कौशल्याचा मान मिळाला संस्थेला आणि भार पडला माणसावर.

तो भार किती? वस्तू व सेवा कर १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के असा पक्का झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला आहे. 'पापाच्या वस्तूंवर' जबर कर असावा, असे म्हणून आपल्यातलेही काहीजण या वाढीवर खूश झाले. त्यांनी थोडा विचार करावा. हा कर घोड्याच्या मालकीवर नाही, मालकाला मिळणाऱ्या बक्षिसावर नाही, क्लबच्या जमिनीवर नाही. तो लावलेल्या पैजेवर आहे. शंभर रुपयांची पैज लावणाऱ्याला चाळीस रुपये आणि लाखाची लावणाऱ्याला चाळीस हजार. दर सर्वांना सारखा. मुकाट्याने फोनवर बेकायदा बुकीकडे खेळणाऱ्याला काहीच नाही. जो कायदा पाळतो त्यालाच दंड, असा हा न्याय आहे. त्याने जुगार कमी होत नाही, त्याचा पत्ता बदलतो. आणि बदललेल्या पत्त्यावर उधारी असते, वसुलीचे गुंड असतात, अंधार असतो.

या खेळातच एक वेगळे तत्त्व आहे आणि ते आपल्या अर्थमंत्र्यांनी शिकण्यासारखे आहे. त्याला हँडिकॅप म्हणतात. जो घोडा अधिक बलवान त्याच्या पाठीवर अधिक वजन द्यायचे, दुबळ्याला हलके सोडायचे, म्हणजे सर्वांना जिंकण्याची सारखी संधी राहते. खोगिराखाली शिशाचे पत्रे घालून हे वजन भरतात. इतका साधा न्याय मैदानावर रोज घडतो, आणि त्याच मैदानाच्या हिशेबवहीत मात्र सगळे वजन सर्वांत दुबळ्याच्या पाठीवर असते.

कायद्याच्या याच पक्षपाताचे दुसरे उदाहरण आपल्या खेड्यांनी भोगले आहे. २०११ साली केंद्राने बैलाचा समावेश खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत केला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाड्यांच्या शर्यतींवर बंदी कायम केली. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली तरी शर्यती अडल्याच. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. इतकी वर्षे शेतकऱ्याच्या बैलाच्या पाठीवरचा चाबूक हा क्रूरतेचा प्रश्न होता. त्याच वर्षांत, त्याच राज्यात, दर रविवारी घोड्याच्या पुठ्ठ्यावर पडणारा चाबूक हा मात्र खेळाचा भाग होता. बैल धावण्यासाठी घडलेला नाही, घोडा घडलेला आहे, असा भेद केला जातो, आणि शरीररचनेपुरता तो खराही आहे. पण वेदना शरीररचना विचारून होत नाही. बैलाला जो न्याय तोच घोड्याला लावा, असे म्हणण्याचे धैर्य प्राणिमित्रांपैकी फार थोड्यांनी दाखवले.

आता आपल्याच साथींच्या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. तो आक्षेप लहान नाही. चाळींत आणि वस्त्यांत काम करणाऱ्या आपल्या भगिनी सांगतात, 'तुम्ही ज्ञानाच्या आणि शौकाच्या गोष्टी करता. आम्ही पगाराच्या दिवशी रिकामे पाकीट घेऊन परतणारा नवरा पाहिला आहे, गहाण पडलेले मंगळसूत्र पाहिले आहे, फी न भरल्यामुळे शाळेतून काढलेली मुलगी पाहिली आहे.' यातला प्रत्येक शब्द खरा आहे. हरलेला जुगारी दुप्पट खेळतो, हे आपल्या लोकांनी फार पूर्वीच ओळखून ठेवले आहे. या दुःखाला उत्तर म्हणून शौकिनाच्या ज्ञानाचे गोडवे गाणे हा निर्दयपणा ठरेल.

परंतु या भगिनींच्या दुःखाला आपण आजवर दिलेले उत्तर कोणते? उपदेश आणि बंदीची मागणी, एवढेच. ब्रिटनच्या मजूर चळवळीने हा मार्ग आपल्या आधी चोखाळला. पुढे पंतप्रधान झालेले रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी १९०५ साली जुगाराविरुद्धच्या एका ग्रंथात प्रकरण लिहिले; पुढच्याच वर्षी रस्त्यावरच्या पैजेविरुद्धचा कायदा झाला. कामगार खेळत राहिला. फक्त बुकीबरोबर पोलीसही त्याच्या खिशात हात घालू लागला. 'डेली वर्कर' हे कम्युनिस्ट दैनिक १९३० साली निघाले तेव्हा त्यात रेसच्या टिपा असाव्यात की नसाव्यात यावर वाद झाला. अखेर वाचक जिंकले, आणि 'केटन' या टोपणनावाने लिहिणारा त्या पत्राचा रेसचा जाणकार पुढे कित्येक दशके शौकिनांत मानाने वाचला गेला. टिपा छापल्याने क्रांती लांबली असे कोणी म्हटलेले आमच्या वाचनात नाही. तेथे एवढे मात्र सिद्ध झाले की कामगाराच्या रविवारी त्याच्यासोबत उभे राहिल्यावाचून सोमवारी तो तुमचे ऐकत नाही.

बंदीने रिकामे पाकीट भरत नाही. रेस बंद झाली तर मटका आहे, मटका बंद झाला तर हातातला फोन आहे. पाकीट रिकामे होऊ नये म्हणून जे करता येते ते वेगळे आहे आणि ते कठीण आहे: उधारीवर पैज घेण्याला सक्त मनाई, एका दिवसात एका माणसाने किती लावावे याची मर्यादा, ज्याला स्वतःलाच दूर ठेवायचे आहे किंवा ज्याचे घर बुडते आहे त्याला दारातच थांबवण्याची सोय, आणि करातून मिळणाऱ्या पैशाचा काही वाटा अशा कुटुंबांसाठी राखून ठेवणे. या मागण्या क्लबला आणि सरकारला कराव्या लागतात. शौकिनाला उपदेश करायला काही खर्च लागत नाही, म्हणून तो मार्ग आपल्याला सोपा वाटला.

शौकिनालाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. त्याचे घोड्यावर प्रेम आहे असे तो म्हणतो. मग घोड्याच्या पायाशी झोपणाऱ्या माणसाकडे त्याचे लक्ष आहे काय? पहाटे उठून तबेला झाडणारा, खरारा करणारा, घोड्याला चालवून थंड करणारा मोतद्दार वर्षानुवर्षे या धंद्याचा पाया आहे. जिंकलेल्या घोड्याचे छायाचित्र निघते त्यात लगाम धरून तो उभा असतो; खाली नाव असते मालकाचे, ट्रेनरचे आणि जॉकीचे. वजन कमी राखण्यासाठी उपाशी राहणारा होतकरू जॉकी पडून जायबंदी झाला तर पुढे त्याचे काय होते? आणि सात-आठ वर्षांचा होऊन मैदानातून बाद झालेला घोडा कोठे जातो? तो वीस-पंचवीस वर्षे जगू शकतो. बक्षिसे मोजली जातात ती पहिल्या चार-पाच वर्षांची. उरलेली वर्षे कोणाच्याच वहीत नाहीत. नॉर्वेने १९८२ सालीच रेसमध्ये चाबूक मारण्यावर बंदी घातली, तरी तेथे शर्यती चालूच आहेत. तेव्हा चाबकाशिवाय खेळ बुडतो ही सबब खोटी आहे. घोड्यावर ज्याचे खरे प्रेम आहे त्याने हे प्रश्न कठड्यापाशी उभे राहून विचारले पाहिजेत. तोच ते विचारू शकतो. कारण तो जायचा थांबला तर मैदान ओस पडते.

शौकिनाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या खेळाची मालकी समाजाकडे राहू शकते काय, याची जगात दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत. ब्रिटनमध्ये १९२८ साली कायद्याने सार्वजनिक टोट उभारला गेला. पैजेचा नफा खासगी बुकींकडे न जाता खेळाकडे परतावा, हा त्यामागील हेतू होता. त्र्याऐंशी वर्षांनी, २०११ साली, सरकारने तो एका खासगी पैजवाल्या कंपनीला विकून टाकला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९६१ साली पैजेची सरकारी यंत्रणा सुरू केली; तीही १९९४ साली शेअर बाजारात गेली. उलट स्वीडनमध्ये १९७४ साली स्थापन झालेली पैजसंस्था आजही दुडक्या चालीच्या आणि भरधाव शर्यतींच्या मध्यवर्ती संघटनांच्याच मालकीची आहे. तेथे गाडीची शर्यत हा घराघरांतला खेळ आहे, आणि वरकड उत्पन्न खेळात परत येते. स्वीडन स्वर्ग आहे असे नव्हे. पैजेची व्यसने तेथेही आहेत. पण कमाई कोणाची, हा प्रश्न तेथे निदान एका वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे.

कोणी म्हणेल, एवढे कशाला? मैदानच बंद करा. सिंगापूरने ते केले. तेथील टर्फ क्लबची शेवटची शर्यत ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाली आणि ती जमीन घरबांधणीसाठी सरकारकडे जाणार आहे. मुंबईत मात्र 'बंद करा' म्हणण्यापूर्वी महालक्ष्मी स्थानकाच्या पूर्वेला नजर टाकावी. गिरण्याही बंद झाल्या. १९९१ च्या विकास नियमांत त्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी राखायचा होता; २००१ साली नियम बदलून ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. पुढे तेथे काय उभे राहिले ते मान वर करून पाहता येते. या शहरात एखादी मोठी जागा मोकळी होते तेव्हा ती लोकांसाठी मोकळी होतेच असे नाही.

म्हणून पक्षाने महालक्ष्मीसंबंधी आपली मागणी नीट शब्दांत मांडावी. क्लबकडे राहिलेल्या ९१ एकरांवर कोणतेही व्यापारी बांधकाम होऊ नये आणि पट्ट्याच्या सर्व अटी जाहीर व्हाव्यात. शर्यत नसलेल्या दिवशी मैदान नागरिकांना खुले असावे. शर्यतींच्या कारभारात सर्वसामान्य आवारातल्या शौकिनांचे निवडलेले प्रतिनिधी आणि मोतद्दारांचे प्रतिनिधी असावेत. तबेल्यातल्या प्रत्येक कामगाराला कायम नोकरी, भविष्य निर्वाह निधी आणि अपघात विमा मिळावा. प्रत्येक बक्षिसातून निवृत्त घोड्यांच्या निर्वाहासाठी ठरावीक वाटा कापला जावा. चाबूक थांबावा. आणि करांचे ओझे पैजेच्या तिकिटावरून उचलून घोड्यांच्या मालकीवर व बक्षिसांवर टाकावे, म्हणजे हँडिकॅपचे तत्त्व तिजोरीलाही लागू होईल.

यांतली एकही मागणी शौकिनाला बाजूला ठेवून पदरात पडणार नाही. तेव्हा पुढच्या मोसमात आपल्या कार्यकर्त्यांनी पत्रके घेऊन जावे ते क्लबच्या मुख्य दरवाजाशी नव्हे, सर्वसामान्यांच्या आवाराच्या फाटकाशी. तेथे रांगेत उभा असलेल्या माणसाला 'खेळू नकोस' असे सांगणारे त्याला आजवर पुष्कळ भेटले. 'तू भरलेल्या पैशाचा हिशेब माग' असे सांगणारा एकही भेटलेला नाही. तो आपण व्हावे. घोडामैदान जवळच आहे.